उजव्या हाताची देवळी

स्वप्नात आमचं घर येतं तेव्हा ते शेणाचं असतं आणि माझ्या गुडघ्याएवढं असतं. त्याच्या भिंतींवर झेंडूच्या पाकळ्या टोचलेल्या असतात. दारातून एक बोट आत येतं, भिंतीला लागून हळूहळू फिरतं, खांबाशी थांबतं, पुढं जातं. मी जागी होते तेव्हा ते बोट कुठपर्यंत पोचलं होतं एवढंच माझ्या ध्यानात राहिलेलं असतं.

ते बोट माझ्या सासूचं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. लग्न होऊन मी आले तेव्हा त्यांना थोडं दिसत होतं. दारात उभं राहिलेलं माणूस बाई आहे की गडी, एवढं कळायचं. पुढच्या चार-पाच वर्षांत तेही गेलं. परभणीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता उपाय नाही. आत्याबाई दवाखान्यातून गुमान बाहेर आल्या आणि एसटीत खिडकीजवळ बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "पेडगाव आलं वाटतं. कालव्याच्या पाण्याचा वास यायलाय." पेडगावच आलं होतं.

आमचं घर पाच खणांचं होतं. मातीच्या दीड हात जाड भिंती आणि वर मातीचं सपाट छत, म्हणजे माळवद. आत्याबाई त्या घरात अशा फिरायच्या की नवा पाव्हणा आला तर त्याला दिवसभर कळायचं नाही की या बाईला दिसत नाही. दारातून आत आलं की उजव्या हाताला भिंतीत एक लहान देवळी होती. त्यांचा हात आधी तिथं जायचा. तिथं त्यांच्या मिश्रीची डबी असायची. डबीला हात लागला की त्यांची मान सरळ व्हायची. तिथून चार पावलांवर खांब, खांबापासून डावीकडं वळलं की पाण्याचा रांजण, रांजणाच्या पुढं चूल. चुलीच्या मागं परसदार. सगळं त्या देवळीपासून मोजलेलं होतं. एकदा मी डबी पुसून चुकून दुसरीकडं ठेवली, तर आत्याबाई दारातच उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. "पोरी, माझं घर हालवू नको," एवढंच म्हणाल्या.

एका श्रावणात झोपलेल्यांच्या अंगावर वरून माती पडायला लागली. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शिडी लावून मधल्या तुळईत खुरपं घातलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं. वाळवीनं तुळई आतून खाऊन टाकली होती, वर नुसतं कातडं राहिलं होतं. मामंजी खाली उतरले आणि ओसरीवर बसले. म्हणाले, "दिवाळी झाली की घर उतरवावं लागतंय."

मामंजींचा पुतण्या, माझा चुलत दीर, कालव्याच्या कामावर मिस्त्री होता. त्याच्या हाताखाली पन्नास माणसं असायची. तो आठ दिवसांत नकाशा घेऊन आला. निळसर कागद, त्यावर बारीक रेघा. दोन खोल्या एका रांगेत, सिमेंटच्या वीतभर भिंती, वर पत्रा. मामंजींनी कागद दोन्ही हातांनी धरला. त्यांना फार बरं वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मी आतल्या दाराशी चहा घेऊन उभी होते.

"काकू, तुमी बी बघा," भाऊजी म्हणाले. मग त्यांच्याच ध्यानात आलं. त्यांनी आत्याबाईंचं बोट धरलं आणि कागदावरून फिरवलं. "ही बघा भिंत. हे दार. हितं तुमची खाट."

आत्याबाईंनी बोट दोन-तीनदा फिरवून पाहिलं. "समदं गुळगुळीतच लागायलंय की रं," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. आत्याबाईही हसल्या. भाऊजी म्हणाले, "काकू, आता मातीचं घर कोण बांधतंय? पाव्हणे हसतील."

"हसू दे. हसून दमले की दुपारच्याला मातीच्या घरात येऊन झोपतील."

पण मामंजींनी कागदाची घडी करून खिशात घातली होती. पत्रे परभणीच्या दुकानात बघून ठेवायचं ठरलं.

भाऊजींचं स्वतःचं घर तसंच होतं. चैत्रात त्यांच्या मुलीच्या बारशाला आम्ही गेलो होतो. आत्याबाई दारातून आत गेल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. पत्रा तापून कडकड वाजत होता. बायकांचं बोलणं, पोरांचं रडणं सगळं वर आपटून खाली यायचं, कोण कुठं आहे ते मलाही कळत नव्हतं. मी त्यांना भिंतीशी बसवलं. त्या संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिल्या. परतताना वाटेत मला म्हणाल्या, "भिंती कुठं हायेत तेच समजंना. आपल्या घरात भिंत जवळ आली की तोंडाला गार लागती. तिथं समदीकडून ऊनच."

नकाशा आला त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी डाळ निवडत होतो. निवडणं माझं, चाळणं त्यांचं. त्या एकदम म्हणाल्या, "मला त्या घरात कोपऱ्यात बसवताल. उठायचं झालं की हाक मारावी लागंल. परसाकडं जायचं झालं तरी हाक मारावी लागंल. कुणाला मारू? गडीमाणसं घरात असतील तर कुणाला मारू?"

 मला पुष्कळ बोलायचं होतं. पण त्या घरात येऊन दहा वर्षं झाली तरी मी मामंजींसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. घरधन्याशीही मी बेताचंच बोलायची. माहेरी वालूरकडं माझे वडील शेजाऱ्यांच्या माळवदावर माती टाकायला जायचे तेव्हा मी घमेली वर देत असे. माळवद कसं होतं, पाणी कुठून वाहतं, कोणती माती चालते, मला सगळं माहीत होतं. ते सगळं माझ्या डोक्यात भरून राहिलं होतं आणि जिभेवर एक शब्द येत नव्हता.

दिवाळी आली. आमच्याकडं दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात. ताज्या शेणाचा लहानसा वाडा करायचा, त्यात शेणाच्याच गवळणी, जातं, उखळ, दुधाचा डेरा. वरून झेंडू आणि कुर्डूची फुलं टोचायची. रोज सकाळी नव्या करायच्या, पाडव्याला पांडव. त्यात कुणी काही बोलत नाही, ते बाईचं काम, तिला हवं तसं करावं. नियम दोनच. वाड्याचं दार आपल्या घराच्या दाराकडं हवं, म्हणजे लक्ष्मी आत येते. आणि मांडणारीनं घराकडं पाठ करून बसायचं नाही. म्हणून आम्ही वाड्याच्या पाठीमागं बसतो, तोंड घराकडं करून.

त्या पाडव्याला मी गोठ्यातलं सगळं शेण आणलं. उठता-बसता मनात एक घर फिरत होतं, तेच हातातून उतरायला लागलं. नेहमीचा वीतभर वाडा नाही, पाच खणांचं घर. भिंती चार बोटं जाड घेतल्या. आतल्या खांबांना तुराट्यांचे तुकडे रोवले. चार पावलांवर खांब म्हणून मी आत्याबाईंचं एक पाऊल म्हणजे अर्धी वीत धरलं. रांजणाच्या जागी मातीचं बोळकं. चूल. परसदार. माळवद मुद्दाम केलं नाही, वरून हात घालता यावा म्हणून, पण त्याचं पाणी जावं तशी परसाकडची भिंत बोटभर खाली ठेवली. उन्हं अंगणात आली होती. शेण हातात गार लागत होतं आणि झेंडूचा उग्र वास येत होता. मला वाटत होतं, मी एवढीशी होऊन त्या घरात फिरते आहे.

मग मी आत्याबाईंना हात धरून आणलं आणि माझ्या शेजारी बसवलं. त्यांचं बोट धरून भिंतीवर ठेवलं. काही सांगितलं नाही.

बोट भिंतीवरून चाललं. खांबाशी थांबलं. डावीकडं वळलं. बोळक्यात गेलं. त्यात मी पाणी घातलं होतं. आत्याबाईंनी ओलं बोट वर काढलं.

"हे तर आपलंच घर हाय गं," त्या म्हणाल्या. "पडक्या तुळईचं न्हाई. नवं."

"हं."

"अन् माळवद?"

"मातीचं," मी म्हणाले.

"असं असंल तर मी फिरंन. कुणाला हाक मारायची पाळी न्हाई येणार." मग त्यांचं बोट परत दाराशी आलं. "देवळी कुठंय?"

मी देवळी विसरले होते. मी सांगायच्या आत त्यांनी उजवीकडच्या भिंतीत आपलं बोट दाबलं आणि एक खड्डा पाडला. "ही झाली," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं.

तेवढ्यात मी वर पाहिलं. वाड्याच्या पलीकडं, दाराच्या बाजूला, मामंजी दुधाची बादली हातात घेऊन उभे होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मी पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. मान खाली घातली तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. आम्ही दोघी शेणाच्या घराच्या पाठीमागं बसलो होतो. आमचा उजवा हात तो दारातून आत येणाऱ्याचा डावा. बाकी सगळं मी दारातून येणाऱ्याच्या हिशेबानं मांडलं होतं, देवळी तेवढी उलट्या बाजूला पडली होती. बोटानं बुजवायला एक क्षण पुरे होता. पण मामंजी समोर उभे होते आणि माझा हात शेणानं भरला होता, तो मी उचलला नाही.

मामंजी आत गेले. पण संध्याकाळी एक मोठं टोपलं आणून त्यांनी त्या शेणाच्या घरावर पालथं घातलं. चार दिवसांनी शेजारीण म्हणाली, "दिवाळी सरली की. तुमच्या गवळणी अजून झाकूनच?" मामंजी ओसरीवरून म्हणाले, "नकाशा हाय तो."

ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. एसटी मधेच बंद व्हायची. परभणीच्या बाजाराला जावं की नाही, हे लोक एकमेकांना विचारून ठरवायचे. त्या आठवड्यातही गाड्या बंद होत्या, त्यामुळं पत्रे परभणीतच राहिले. पण गाड्या चालू झाल्या तरी मामंजी पत्रे आणायला गेले नाहीत. त्यांनी एक दगड घेतला आणि शिडीवर चढून एकेक तुळई ठोकून पाहिली. चांगलं लाकूड टणटण बोलतं, खाल्लेलं भदभद. सात तुळयांतल्या पाच टणटण बोलल्या.

माळवद बसवणारा एकच गवंडी गावात उरला होता. तो ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यात राहायचा. आमचं जुनं माळवद त्याच्या वडिलांनी बसवलेलं. मामंजी आणि तो लहानपणी एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. पण गावात झालेल्या बोलाचालीनंतर दोन वर्षं आमच्याकडून कुणी त्याला बोलावलं नव्हतं आणि तोही आला नव्हता. मामंजी स्वतः गेले. परत आले तेव्हा एकटेच होते.

"येतो म्हणला का?" आत्याबाईंनी विचारलं.

"बस म्हणला. चहा दिला."

"मग?"

"पिलो."

 मला त्यांचे ओठ हसल्यासारखे दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आमच्या अंगणात होता. "आधीच आलो असतो," तो म्हणाला, "कुणी बोलावलंच न्हाई." मामंजींनी टोपलं उचललं. तो उकिडवा बसला आणि वाळलेल्या शेणाच्या घराकडं बघत राहिला.

"हे कुणी केलंय?"

"घरात केलं," मामंजी म्हणाले.

"भिंती जाड ठेवल्यात. पाणी परसाच्या अंगानं काढायचा इचार दिसतोय. करणारं माणूस माळवदावर चढलेलं हाय." मी चुलीपाशी बसून ऐकत होते. माझ्याबद्दल असं कुणी कधी बोललेलं मला आठवत नाही.

भाऊजी एका रविवारी आले. "काका, शेणाच्या नकाशावर घर बांधायलात म्हणं."

"तुझा नकाशा तुझ्या काकूला वाचता येईना," मामंजी म्हणाले. "गुळगुळीत हाय म्हणती."

भाऊजी नाराज झाले, पण गेले नाहीत. चहा पिऊन शेणाच्या घराभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "पाया तरी दगड-सिमेंटचा घ्या. वाळवी खालूनच येती." गवंडी म्हणाला, "ते बरोबर बोलायलेत मिस्त्री." मग दोघं काठी घेऊन जमिनीवर रेघा ओढायला लागले. पाया तसाच घेतला. अजून त्या घराला वाळवी लागलेली नाही.

सुगी झाल्यावर घर उतरवलं. आम्ही शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याजवळच्या खोपीत, राहायला गेलो. मी रोज गावात यायची, कामावर पाणी द्यायला. जुन्या भिंतींची माती त्याच अंगणात ढीग घालून भिजवली, त्यात गव्हाचा भुसा टाकला आणि आठ दिवस तशीच कुजू दिली. एका सकाळी आत्याबाई म्हणाल्या मलाही ने. त्यांनी चिखलात पाय घातला आणि उभ्या राहिल्या. "ही आपल्या चुलीमागची भिंत," त्या म्हणाल्या. धुराचा वास त्या चिखलातून येत होता, आम्हाला सगळ्यांनाच आला. तोच चिखल परत थरावर थर चढत गेला. एक थर वाळेपर्यंत दुसरा घालायचा नाही, म्हणून काम सावकाश चालायचं. मला त्या दिवसांत सगळं झोपेत चालल्यासारखं वाटायचं. जुनं घर जमिनीत गेलं आणि तिथून हळूहळू वर उगवायला लागलं.

दाराची भिंत कमरेच्या वर आली त्या दिवशी मी डोक्यावर घागर घेऊन तिथंच होते. गवंडी म्हणाला, "मालक, देवळी कुठल्या हाताला?"

मामंजींना शेणाचं घर आठवत होतं. ते दाराच्या बाजूनं उभे होते ना. आत्याबाईंनी स्वतःच्या बोटानं पाडलेली, म्हणजे त्यांना ती आता तिकडंच हवी, असं त्यांनी धरलं असावं. "आत जाताना डाव्या," ते म्हणाले.

मी तिथं होते. चार पावलांवर. घागर उतरवून "उजव्या" म्हणायचं होतं. तिथं मामंजी होते, गवंडी होता, चिखल देणारे तीन गडी होते. मी घागर उतरवली, पाणी हौदात ओतलं आणि आखाड्याकडं निघाले. वाटेत तो शब्द मी पुष्कळदा म्हटला, तुरीच्या धसकटांमधून चालताना, मोठ्यानं.

तुळयांवर किलचन म्हणजे लाकडाच्या फळ्या, त्यावर तुराट्या आणि निरगुडीच्या डहाळ्या, त्यावर चिखल, आणि सगळ्यात वर पांढरी खारी माती. खाऱ्या मातीत गवत उगवत नाही आणि पाणी मुरत नाही. वैशाखाच्या आत घर झालं. बाहेर ऊन डोळ्यांत खुपायचं आणि दारातून आत पाऊल टाकलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं. भाऊजी त्या महिन्यात तीनदा काहीतरी काम काढून आले आणि तिन्ही वेळा ओसरीवर झोपून गेले.

पण आत्याबाई. पहिल्या दिवशी त्या दारातून आत आल्या, उजवा हात भिंतीकडं गेला आणि सपाट भिंतीवर फिरला. वर गेला, खाली गेला.  मग म्हणाल्या, "पोरी, हात दे."

मी हात दिला. दुसऱ्या दिवशीही दिला. देवळी डावीकडं आहे हे मी त्यांना दाखवलं. त्यांनी मान हलवली. पण डाव्या हातात त्यांची काठी असायची आणि त्यांचा हात आयुष्यभर उजवीकडं गेलेला. डावीकडून निघालं की पावलं खांबाच्या पलीकडं जायची, एकदा त्या रांजणावर आदळल्या. त्यानंतर त्या दाराजवळ बसायला लागल्या. आठ-दहा दिवसांनी गवऱ्या थापताना मी ऐकलं, शेजारणीला त्या सांगत होत्या, "घर लय गोड झालंय. माझाच हात म्हातारा झालाय, चुकायलाय."

मी शेणाचे हात तसेच ठेवून बसून राहिले. त्यांचा हात चुकला नव्हता. मला माहीत होतं आणि मी दोनदा गप्प बसले होते.

दुपारी गडीमाणसं शेतात गेली. आत्याबाई ओसरीवर पडल्या होत्या. मी तांब्याभर पाणी घेतलं, खुरपं घेतलं आणि दाराच्या आत उजव्या हाताच्या भिंतीसमोर उभी राहिले. नवी भिंत उकरायची, कुणाला न विचारता.  आत्याबाईंच्या खांद्याची उंची मला ठाऊक होती. तिथं भिंतीवर पाणी मारलं, माती मऊ झाली आणि खुरप्यानं हळूहळू यायला लागली. सिमेंटच्या वीतभर भिंतीत मला हे करता आलं नसतं. माती भुरभुर खाली पडत होती, तिच्यात गव्हाच्या भुशाचे सोनेरी तुकडे चमकत होते. आत किती खोल जायचं ते मी मनगटावरून मोजलं. मग हातानं कडा गोल केल्या.

मागं पाऊल वाजलं. मामंजी पाणी प्यायला घरी आले होते. मी पदर घेतला नाही, हात चिखलाचे होते. त्यांनी खाली पडलेल्या मातीकडं पाहिलं, देवळीकडं पाहिलं, डावीकडच्या देवळीकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी आली आणि हळूहळू गेली.

"उजव्या हाताला होती," मी म्हणाले. "आधीपासून."

माझा आवाज त्या घरात मला वेगळाच ऐकू आला. 

"आतून सारवून घे," ते म्हणाले. "उघडी ठिवली तर तडकंल." आणि रांजणातून पाणी घेऊन ते परसदारानं निघून गेले.

मी सारवून घेतलं. ओलं होतं तरी मिश्रीची डबी आत ठेवून दिली. मग चुलीशी जाऊन बसले आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

उन्हं कलल्यावर आत्याबाई उठल्या. काठी वाजली. दारात आल्या. उजवा हात भिंतीकडं गेला, ओल्या कडेला लागला, आत गेला. डबी हलल्याचा आवाज आला. मी परातीवरचा हात थांबवला. एक, दोन, तीन, चार. खांबाला हात लागल्याचा आवाज. मग डावीकडं.

रांजणावरचं झाकण निघालं आणि त्या पाणी प्यायल्या. माझ्याकडं तोंड करून त्या म्हणाल्या, "पीठ सैल झालंय तुझं. आवाजावरनं कळायलंय."

मी आणखी मूठभर पीठ घातलं. त्या चुलीमागून परसदाराकडं गेल्या. कुणाला हाक मारली नाही.